बाराशे कॅलरीत काय खायचे?

रविवारी वंदना झाली की विहाराच्या ओट्यावर आम्ही बीपीचे मशीन, वजनकाटा आणि शिलाईची टेप घेऊन बसतो. गेल्या काही वर्षांत तिथे एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. आधी कॉलेजच्या मुली विचारायच्या, आता त्यांच्या आयाही विचारतात. मोबाईलमध्ये कॅलरी मोजायचे ॲप असते. त्यात उंची-वजन टाकले की ते सांगते, दिवसाला बाराशे कॅलरी खा. मग प्रश्न येतो : "सिस्टर, बाराशेच्या वर गेले नाही म्हणजे झाले ना? मग ते चहा-बिस्किटाचे खाल्ले काय अन् भाकर-भाजीचे खाल्ले काय, वजन तर उतरणारच!"

प्रश्न खुळचट मुळीच नाही. मोठमोठ्या प्राध्यापकांनाही तो पडला आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या विद्यापीठात मार्क हॉब नावाचे आहारशास्त्राचे प्राध्यापक आहेत. २०१० साली त्यांनी तो स्वतःच्या शरीरावरच तपासला. दहा आठवडे त्यांनी मुख्यतः क्रीम भरलेले पाकीटबंद केक, चिप्स, गोड बिस्किटे असला खाऊ खाल्ला, मात्र दिवसाला अठराशे कॅलरींच्या आत राहिले. त्यांचे वजन सुमारे ९१ किलोवरून ७९ वर आले. वाईट कोलेस्टेरॉलही २० टक्क्यांनी घटले. म्हणजे वजनकाट्यापुरते बोलायचे तर मुलींचे म्हणणे खरे आहे. शरीराला लागते त्यापेक्षा कमी कॅलरी पोटात गेल्या तर वजन उतरते, मग त्या केकच्या असोत की कारल्याच्या.

ही गोष्ट सांगणारे एक तपशील मात्र गाळतात. हॉब रोज जीवनसत्त्वांची गोळी घेत होते, प्रथिनांचे पेय पीत होते आणि थोडी भाजीही खात होते. निव्वळ केकवर दहा आठवडे काढायला तेही तयार नव्हते. शिवाय ते आहारशास्त्राचे प्राध्यापक, प्रत्येक घासाचा हिशेब ठेवणे हा त्यांचा धंदाच. आपल्या घरातली बाई पहाटे पाचला उठते, चार घरची धुणीभांडी करते किंवा कारखान्यात उभी राहते. दुपारी दोनला ती घरी आल्यावर तिच्या पोटात काय चाललेले असते, ते ॲपला ठाऊक नसते.

म्हणून आम्ही आधी त्या भुकेचा हिशेब मांडून दाखवतो. दोन कप गोड चहा आणि ५० ग्रॅम ग्लुकोज बिस्किटे घ्या. कपात दोन चमचे साखर आणि थोडे दूध धरले तर एका चहाच्या ७५ कॅलरी, दोन कपांच्या दीडशे. बिस्किटांच्या सव्वादोनशे. एकूण पावणेचारशे. आता दुसरीकडे ६० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकर, २०० कॅलरी. वाटीभर घट्ट वरण, म्हणजे ३० ग्रॅम डाळ, १०० कॅलरी. लहान चमचाभर तेलातली पालक किंवा चवळीची भाजी आणि सोबत मुळा-काकडी, ७०-७५ कॅलरी. हेही पावणेचारशेच. ॲपच्या लेखी दोन्ही सारखे.

पहिल्यात प्रथिने जेमतेम सात ग्रॅम, चोथा नावाला. दुसऱ्यात प्रथिने त्याच्या दुप्पट आणि चोथा दहा ग्रॅमच्या आसपास. चहा-बिस्किट पाच मिनिटांत पोटात जाते आणि तासाभरात भूक परत दारात उभी. भाकर चावावी लागते, पंधरा-वीस मिनिटे जातात, ती पोटात फुगते आणि संध्याकाळपर्यंत टिकते. पहिल्या मार्गाने बाराशेवर राहायचे म्हणजे दिवसभर भुकेशी झगडायचे. ते चार दिवस जमते. पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या ठेल्यावरचे तर्री-पोहे दिसतात आणि सगळा हिशेब तिथेच बुडतो. मग बाई स्वतःलाच दोष देते, "माझ्याच जिवाला ताबा नाही." ताबा तिच्यात भरपूर असतो, नाहीतर तिने संसार कसा ओढला असता? तिने चुकीचे अन्न मोजले, एवढेच.

हे आम्ही अनुभवावरून सांगत होतोच, पण २०१९ मध्ये त्याला भक्कम पुरावा मिळाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी वीस माणसांना महिनाभर दवाखान्यातच ठेवून घेतले. दोन आठवडे कारखान्यातून तयार होऊन आलेले पाकीटबंद अन्न आणि दोन आठवडे साध्या धान्य-भाजी-मांस-अंड्यांचे घरगुती पद्धतीचे जेवण. दोन्ही वेळा पुढे ठेवलेल्या जेवणातल्या कॅलरी, साखर, चरबी, मीठ, चोथा यांचे माप सारखे ठेवले होते आणि हवे तेवढे खायची मुभा होती. पाकीटबंद अन्नावर तीच माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊ लागली, खाण्याचा वेगही वाढला. दोन आठवड्यांत वजन जवळजवळ एक किलोने वाढले. साध्या जेवणावर तेवढेच घटले. कुणी त्यांना कमी खा म्हणून सांगितले नव्हते.

उकडलेल्या बटाट्याचीही अशीच गंमत आहे. बटाटा खाल्ला की माणूस फुगतो, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ. सिडनीतल्या संशोधकांनी १९९५ मध्ये सारख्या कॅलरींचे ३८ पदार्थ लोकांना खायला देऊन कशाने पोट किती वेळ भरलेले राहते ते मोजले, तर उकडलेला बटाटा पहिला आला. पांढऱ्या पावाच्या तिपटीहून अधिक. दोष बटाट्याचा नाही, त्याला तळणाऱ्या कढईचा आहे.

आता वजन उतरते म्हणजे अंगातले काय उतरते, तेही पाहिले पाहिजे. काटा फक्त किलो दाखवतो. त्यात चरबी किती, स्नायू किती, पाणी किती, हे तो सांगत नाही. कमी खाताना प्रथिने पुरेशी नसतील तर शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळते. आणि जेवणातून रक्तात आलेली साखर वापरणारी मोठी जागा म्हणजे स्नायूच. ते गेले की वजन कमी होऊनही मधुमेह जवळ येतो. आपल्या लोकांना हे जास्त लागू पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. भारतीय माणूस बारीक दिसूनही आतून चरबीचा असू शकतो, ते असे.

म्हणूनच आम्ही वजनकाट्याशेजारी टेप ठेवतो. श्वास सोडून, पोट न ओढता, बेंबीच्या पातळीवर मोजा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाची ९० च्या वर असेल तर वजन कितीही असो, साखर आणि बीपी तपासून घ्या. पुरुष मंडळी टेप पाहिली की पोट आत घेतात. टेप त्यांच्यापेक्षा चिकाटीची आहे, ती थांबते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. वजन ७० किलो आणि हिमोग्लोबिन आठ, असे रिपोर्ट आमच्या हातात नेहमी येतात. लोकांना नवल वाटते, "एवढी भरलेली बाई अन् रक्त नाही?" राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे आणि २४ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या आहेत. काही बायका दोन्ही रांगांत उभ्या असतात. सकाळी रात्रीचा भात किंवा चहा-पाव, दुपारी उरलेसुरले, रात्री सगळ्यांची जेवणे झाल्यावर तळाचा रस्सा आणि पुन्हा भात. कॅलरी भरपूर, लोह आणि प्रथिने नाहीत. अशा बाईने ॲप बघून यातलेच निम्मे खाल्ले तर वजन उतरेल खरे, पण रक्त होते त्याहून उतरेल. केस गळतील, जिना चढताना धाप लागेल आणि घरचे म्हणतील, डाएट लागू पडले, बारीक झाली.

घरात अंडे मुलाला आणि रस्सा बाईला, ही वाटणी कुठल्या शास्त्रात लिहिली आहे ते आम्हाला एकदा बघायचे आहे.

अर्थात घरोघरी ताटात भात आणि पोळीच जास्त असण्याला बाईची आवड एवढेच कारण नाही. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, २०२३ पासून तेही मोफत. दिवसाला १६६ ग्रॅम, म्हणजे पावणेसहाशे कॅलरींच्या आसपास. ते मिळालेच पाहिजे, त्यावर घरे उभी आहेत. पण डाळ, अंडी, दूध, भाजी हे सगळे खिशातून घ्यायचे. मग महिना संपत आला की ताटात काय वाढते आणि काय आटते, ते कुणी सांगायला नको. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे की दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या आत असावा. तिथपर्यंत पोचायचे तर डाळीला पैसे लागतात. "योग्य अन्न निवडा" असे सांगणाऱ्यांनी आधी निवडायला बाजारात काय आणि किती रुपयांना आहे ते पाहावे.

संयुत्त निकायातल्या दोणपाक सुत्तात कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात जेवून धापा टाकत भगवंतांकडे येतो. भगवंत त्याला मापात जेवायचा उपदेश करतात. राजा सुदस्सन नावाच्या तरुणाला रोज जेवताना त्या गाथेची आठवण करून द्यायला सांगतो आणि हळूहळू एका नाळीच्या मापावर येतो, अंगाने हलका होतो. वर्षावासात हे सुत्त कित्येकांनी ऐकले असेल. त्यातले "हळूहळू" आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. पण राजाच्या स्वयंपाकघरात भाताशिवाय कशाची वाण असणार? आपल्याकडे भात अर्धा केला तर रिकाम्या जागी काय ठेवायचे, हे आधी ठरवावे लागते.

ते स्वस्तात ठेवता येते. एका समोशाच्या पैशात बहुतेक वेळा दोन अंडी येतात. दोन अंड्यांच्या दीडशेच्या आत कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने. सुकट किंवा बोंबील मूठभर पुरतात, फक्त बीपी असलेल्यांनी ते दोन पाण्यांत धुऊन मीठ काढावे आणि वरून मीठ घालू नये. मोड आलेली मटकी, हरभरा, बरबटी, सोयाबीनच्या वड्या. मटण परवडत नाही तिथे कलेजी आठवड्यातून एकदा आणली तरी रक्ताला तिच्याइतके चांगले दुसरे थोडेच आहे (गरोदर बाईने डॉक्टरला विचारून). वजडी, मुंडी, पाय, रक्ती हे आपल्या आज्यांच्या चुलीवरचे जिन्नस. शाहू पाटोळे यांनी "अन्न हे अपूर्णब्रह्म" या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतले असे पदार्थ नोंदवून ठेवले आहेत. त्यातल्या कितीतरी पदार्थांची नावे शिकलेली नातवंडे चारचौघांत घेत नाहीत. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि स्वस्त प्रथिनांची एक वाट बंद झाली, हेही खरे. जे उरले आहे ते तरी लाजेपायी सोडू नये. जे मांस खात नाहीत त्यांनी डाळ पातळ न करता घट्ट करावी. वरण पाण्यासारखे असेल तर वाटी भरते, पोट नाही.

भाजी-वरणावर लिंबू पिळा, त्यातले लोह अंगी लागते. आणि जेवणाला लागून चहा नको. चहा लोहाला अडवतो. तासभर थांबा.

तेलाची गोष्ट वेगळी सांगावी लागेल, कारण ॲप हमखास फसते ते इथेच. "एक वाटी भाजी" म्हटले की ते एक आकडा देते, पण फोडणीत किती ओतले ते त्याला कसे कळणार? तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी, पिठाच्या किंवा साखरेच्या एका ग्रॅमला चार. मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी, अर्ध्याहून जास्त भाकर. आमच्या नागपुरात तर्रीवर तेल तरंगले नाही तर आचाऱ्याची बदनामी होते, त्यामुळे इथे हे सांगणे म्हणजे रोष ओढवून घेणे. तरी सांगतो. चार माणसांच्या घराला महिन्याला तीन लिटर तेल पुरे, म्हणजे माणशी रोज सुमारे २३ ग्रॅम. एक तारखेला एक लिटरच्या बाटलीवर पेनाने दहा रेघा ओढा आणि रोज एक रेघ उतरू द्या. कॅलरी मोजायचे यापेक्षा सोपे आणि फुकट ॲप आम्हाला माहीत नाही. पाहुणे आले त्या दिवशी दोन रेघा उतरतील, उतरू द्या, पुढचे दोन दिवस भाजी उकडून करा.

ॲप अगदी टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. पहिले आठ-दहा दिवस सगळे लिहून काढले की डोळे उघडतात. सहा कप चहातली साखर एकत्र केली तर दिवसाला ६० ग्रॅम होते हे कागदावर पाहिल्याशिवाय कुणाला पटत नाही. पण त्यातले आकडे सरासरीचे असतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये अख्खे बदाम खाऊ घालून तपासले, तेव्हा पाकिटावर १७० कॅलरी लिहिलेल्या बदामांतून शरीराला १२९ च मिळाल्या. बाकीची चरबी चोथ्यात अडकून तशीच बाहेर पडली. प्रथिने पचवायला तर शरीर त्यातल्याच शंभरामागे २० ते ३० कॅलरी खर्च करते, चरबी पचवायला तीनसुद्धा नाही. म्हणून ११९० झाले की १२१० यावर रात्री डोके शिणवू नका.

आणि ते पावडरचे डबे. वस्तीत कुणीतरी ताई-दादा येतात, सकाळी मोफत वजन करतात, ग्लासभर गोड पेय पाजतात आणि महिन्याचा डबा काही हजारांना विकतात. वजन उतरते, कारण एका जेवणाच्या जागी तो ग्लास असतो. डबा संपला की जेवण परत येते आणि वजनही. तेवढ्या पैशात घरातल्या सगळ्यांना महिनाभर रोज एक अंडे येते. आम्ही हे बोललो की विकणारे नाराज होतात, कारण तेही आपल्यातलेच असतात, त्यांनाही कुणीतरी कमाईचे स्वप्न विकलेले असते.

किती उतरवायचे? आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झाले. जेवढे लागते त्यातून रोज ४००-५०० कॅलरी कमी केल्या तर सुरुवातीला एवढे जमते, पुढे वेग मंदावतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. दोन चहांतली साखर काढली, बिस्किटे बंद केली, तेलाची एक रेघ पाळली तर बहुतेक घरांत यातला मोठा भाग निघतो, आणि भाकरीला हात लावावा लागत नाही. बाराशेच्या खाली डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणीही जाऊ नये. उभ्याने काम करणाऱ्या, ओझी उचलणाऱ्या बाईला तर बाराशेही अपुरे पडतात. ॲपमध्ये "बसून काम" असा पर्याय आपोआप निवडलेला असतो तो आधी बदला.

काही जणांनी यातले काहीच स्वतःच्या मनाने करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका. टीबीची औषधे चालू असलेले, त्यांना उलट जास्त खायचे असते. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण एकदम कमी केले तर साखर खाली जाऊन घाम फुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही जाते. त्यांनी आधी डॉक्टरकडून औषधाचा डोस बदलून घ्यावा. आणि विदर्भातल्या आपल्या घरांत सिकलसेल आहे, हे विसरून चालणार नाही. सिकलसेलच्या रुग्णाने उपाशी राहणे, पाणी तोडणे म्हणजे वेदनेचा झटका बोलावणे. वाहक असाल, म्हणजे ए-एस, तर साधे जेवण सुधारून वजन कमी करायला हरकत नाही, पण पाणी भरपूर प्या. घरात कुणाचे वजन काहीही न करता उतरत असेल तर शाबासकी देऊ नका, थुंकी आणि साखर तपासा.

पुढच्या रविवारी येताना हिमोग्लोबिनचा शेवटचा रिपोर्ट सोबत आणा. नसेल तर आधी महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन तपासून घ्या, तिथे ही तपासणी होते. दहाच्या खाली असेल तर वजनाचे नंतर बघू, आधी लोहाच्या गोळ्या सुरू करू.